बेहड्यावरची वाकडी रेघ

एक जंगल होतं. जंगल म्हटलं की त्यात झाडं आलीच, हे त्या काळी वेगळं सांगावं लागत नसे.

या जंगलाचा राजा होता एक गवा. तो रीतसर निवडून आलेला राजा होता. निवडणुकीची पद्धत अगदी सोपी होती. उमेदवारांनी माळावर उभं राहायचं आणि ज्याला जो पसंत असेल त्यानं त्याच्या पाठीमागे जाऊन थांबायचं. गव्याच्या पाठीमागे उभं राहिलं की पुढचं काही दिसत नसे. पण ऊनही लागत नसे. त्यामुळे बहुतेक जनता तिथंच जाऊन थांबे, आणि गवा महाराज अशा रीतीनं लागोपाठ तीनदा निवडून आले होते. स्वभावानं ते वाईट नव्हते. पाठ खाजली की झाडाला घासायची आणि कोणी काही सांगितलं की मान हलवायची, एवढाच त्यांचा कारभार होता.

या जंगलात झाडवैद्यांचा एक जुना धंदा होता, आणि त्या धंद्यात सगळ्यात जुना माणूस म्हणजे भिवाअण्णा. माणूस म्हणायची आपली पद्धत. तो होता सुतारपक्षी. डोक्यावर तांबडा तुरा, तोंड कायम कडू. झाडाच्या बुंध्याला बिलगायचा, चोचीनं चार ठोके मारायचा, मान तिरकी करून ऐकायचा. आत अळी असेल तर नेमकी तिथंच भोक पाडून ओढून काढायचा. ती अळी हीच त्याची फी. झाड निरोगी निघालं तर भिवाला काहीच मिळत नसे, आणि दहातली आठ झाडं निरोगीच निघत.

"काही झालेलं नाही याला. पानं गळतात ती गळायच्या दिवसांतच गळतात. उगीच बोलावलंत," असं बोलून तो उपाशीपोटी उडून जायचा.

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काही झालेलं नाही असं तोंडावर सांगणारा वैद्य कोणाला आवडतो? बोलावणाऱ्याला वाटायचं, याला काही कळत नाही. नाही तर म्हातारा झाला असेल.

अशात एका दिवाळीनंतर पलीकडच्या खोऱ्यातून एक साळिंदर आलं. त्यानं आल्या आल्या स्वतःला काटेसाहेब म्हणवून घ्यायला सुरुवात केली. बोलणं गोड, चालणं सावकाश, अंगावर शंभर हत्यारं. झाडवैद्य संघात त्यानं नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी एका धडधाकट ऐनाच्या झाडासमोर सगळ्यांना गोळा केलं. शेपटीचा एक जाड काटा उपसून त्यानं बुंध्यावर वाजवला. टण्ण!

"ऐकलंत? पोकळ वाजतंय!" काटेसाहेब हळहळले.

सगळ्यांनी ऐकलं. खरंच पोकळ वाजत होतं. शेजारच्या किंजळावर वाजवलं, तेही पोकळ. जांभूळ पोकळ, हिरडा पोकळ. सशांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं आपण असल्या झाडांखाली संसार केले!

"याला सालवात म्हणतात. रोग नवा आहे, पण घाबरू नका. माझ्याकडे इलाज आहे," काटेसाहेब म्हणाले.

इलाज तीन टप्प्यांचा होता. पहिल्या टप्प्यात काटेसाहेब आणि त्यांचे भाऊबंद बुंध्याची साल गोल सोलून काढत, कारण वात सालीत असतो. दुसऱ्या टप्प्यात वानरं वर चढून कोवळी पालवी आणि फळं उतरवत. याला भार हलका करणं म्हणत. तिसऱ्या टप्प्यात रानडुकरं खाली मुसंडी मारून मुळं मोकळी करत. साळिंदराला साल आवडते, वानराला पालवी आणि डुकराला मुळं, ही गोष्ट जंगलातल्या शाळेत पहिलीला शिकवत. पण पहिलीतलं कोणाच्या लक्षात राहतं?

तिन्ही टप्पे झाले की सोललेल्या बुंध्यावर तांबड्या मातीचा गेरू आणि वरून चुन्याची पांढरी रेघ मारत. गेरूखाली सोललेलं दिसत नसे, आणि झाड कसं नटल्यासारखं, सणाला तयार झाल्यासारखं दिसे. महाराजांना ते फार आवडलं. त्यांनी मान हलवली आणि फर्मान निघालं: 'जंगलातल्या प्रत्येक झाडाची काटेतपासणी सक्तीची. ज्या बुंध्यावर गेरू-चुना, ते झाड निरोगी. ज्यावर नाही, ते धोकादायक.' ठिकठिकाणी घोषणा घुमू लागली, 'ठणठणीत वन, निश्चिंत जन!'

पोपटांना ती एका सकाळीत पाठ झाली. त्यांना जे पाठ होतं त्याला जंगलात लोकमत म्हणत.

भिवाअण्णा आपला ठोके मारत हिंडत होता. गेरू लावलेल्या ऐनावर बसून त्यानं कान दिला आणि तो हादरला. आतून रस चढायचा बंद झाला होता. ज्या झाडाला गेल्या पावसाळ्यात त्यानं ठणठणीत म्हणून सांगितलं होतं, ते उभ्या उभ्या मरत होतं.

तो तडक संघात गेला. संघाचा मुकादम होता लांबशेपट्या नावाचा वानर, पूर्वी भिवाच्याच हाताखाली झाडावर चढणं-उतरणं शिकलेला.

"लांबशेपट्या, अरे साल गोल काढली की झाड मरतं. तुला मीच शिकवलंय हे."

"अण्णा, तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिलाय का?" वानर आदरानं म्हणाला. तोंडात कोवळी पालवी होती, म्हणून शब्द जरा ओले येत होते. "पण एकाच धंद्यातली माणसं आपण. एकमेकांच्या पोटावर पाय देऊन कसं चालंल? उलट मी म्हणतो, तुम्ही बी या आमच्यात. साहेबांनी काटा वाजवला की मागनं तुम्ही चार ठोके मारायचे आणि नुसतं 'हं' म्हणायचं. बोलायचं काय नाही. झाड मेल्यावर अळ्या किती पडतात, तुम्हाला काय सांगायचं! त्या समद्या तुमच्या."

खोटं कशाला बोलू, भिवाला दोन दिवसांत अळी मिळाली नव्हती. पोटात खड्डा पडला होता. त्यानं क्षणभर डोळे मिटले, मग वानराच्या शेपटीला एक सणसणीत टोच मारून तो उडून गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात नवाच प्रकार सुरू झाला. काटेसाहेबांची माणसं लोकांना झाडावरची जुनी भोकं दाखवू लागली. "हे बघा, खुद्द भिवाअण्णांनीच इथं भोक पाडलंय. काही सापडल्याशिवाय एवढा जुना कारागीर भोक पाडेल का?" वास्तविक ती अळी काढून कधीच्या बऱ्या झालेल्या झाडांची भोकं होती. आयुष्यभर केलेलं चोख काम आता त्याच झाडांच्या मुळावर आलं होतं. भिवाला रागही आला आणि रडूही आलं. सुतारपक्षी रडला तरी कोणाला कळत नाही, लोकांना वाटतं तो ठोके मारतोय.

शेवटी चैत्रात त्यानं दरबारात तक्रार केली. महाराजांनी चौकशी समिती नेमली. समितीवर वाळवीला घेतलं, कारण झाडाची आतली माहिती तिच्याइतकी कोणालाच नव्हती. समितीनं पंधरा झाडांत शिरून पाहणी केली आणि अहवाल दिला, की आत आता काहीच दोष शिल्लक नाही. आतच काही शिल्लक नव्हतं, पण तसा प्रश्न समितीला विचारलेला नव्हता.

मग सुनावणी झाली. माळावरच्या काळ्या कातळासमोर सगळं जंगल जमलं.

"महाराज, माझी एकच विनंती आहे," भिवा म्हणाला. "यांनी यांचा तो काटा या कातळावर वाजवून दाखवावा."

काटेसाहेब हसले, पण लोक बघत होते. नाइलाजानं त्यांनी काटा उपसून कातळावर मारला.

टण्ण!

"झाडासारखाच वाजला की नाही?" भिवा ओरडला. "कातळ कधी पोकळ असतो का? अहो, पोकळ झाड नाही, काटा पोकळ आहे! साळिंदराच्या शेपटीचा काटा आतून रिकामाच असतो. कशावरही मारा, तो स्वतःचाच आवाज काढतो!"

सगळं जंगल काट्याकडे बघू लागलं. एका सशानं तर टाळी वाजवायला पंजेसुद्धा वर केले. काटेसाहेब गडबडीत मागे वळले आणि त्यांची शेपूट महाराजांच्या कपाळावर आपटली. पुन्हा तोच आवाज आला. या आवाजाबद्दल मात्र कोणीच काही बोललं नाही.

महाराजांनी बराच वेळ विचार केला. मग मान हलवली. फर्मान तिथल्या तिथे निघालं: 'कातळालाही सालवाताची लागण झाल्याचं आज उघडकीस आलं आहे. हा प्रकार गंभीर आहे. कातळाला तातडीनं गेरू-चुना लावावा. महाराजांचं कपाळ तपासणीतून वगळण्यात येत आहे.'

"रोग दगडापर्यंत पोचला आणि हे म्हणतात रोगच नाही!" काटेसाहेब आता सावरले होते. त्यांनी भिवाकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बरं अण्णा, तुम्ही जुने, तुमचा ठोका खरा. मग एवढंच सांगा. तो ओढ्याकाठचा बेहडा पोकळ आहे, का भरीव? एका शब्दात."

भिवानं तो बेहडा शंभरदा ठोकलेला होता. त्याच्या खोडात वर एक मोठी ढोली होती. झाड जुनं होतं, ढोलीसकट अजून दीडशे वर्षं उभं राहिलं असतं. धंद्यातली खरी माणसं एक चूक हमखास करतात. झाडाबद्दल प्रश्न विचारला की कोण विचारतंय आणि कशाला, हे ती बघत नाहीत. नुसतं खरं उत्तर देतात.

"पोकळ आहे," भिवा म्हणाला. "पण ठणठणीत—"

पुढचं कोणी ऐकलंच नाही. एवढा गलका झाला! दहा झाडं भरीव आहेत असं भिवा घसा फोडून सांगत होता तेव्हा त्याच्यावर एकाचाही विश्वास नव्हता. एक झाड पोकळ आहे म्हटल्यावर सगळ्यांचा एकदम बसला. पोपट ओरडू लागले, "अण्णांनी कबूल केलं! अण्णांनी कबूल केलं!" दुसऱ्या दिवशी सकाळी बेहड्यावर तिन्ही टप्पे एकदमच करायचं ठरलं.

तेवढ्यात गर्दीतून एक धनेश पुढे आला. पिवळीधमक मोठी चोच, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

"महाराज, ती ढोली आमची आहे. माझी सगुणा आत बसलीय. आमच्यात बाईमाणूस अंड्यावर बसली की चिखलानं दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. मी बाहेरून उंबरं आणून भरवतो. तिची पिसं झडलीत, तिला उडता येत नाही. दोन पिल्लं आहेत. एक महिना द्या महाराज, फक्त एक महिना."

महाराजांना वाईट वाटलं. त्यांनी काटेसाहेबांकडे पाहिलं.

"यात अडचण कसली? ताईंनी दार उघडून बाहेर यावं. सरकार सगळ्यांच्या घरांचाच तर विचार करतंय," काटेसाहेब म्हणाले.

माळ रिकामा झाला. धनेश आणि भिवा दोघंच उरले.

"अण्णा, तुम्ही पोकळ कशाला म्हणालात हो?"

"पोकळ आहे म्हणून म्हणालो."

"मग आता काय करायचं?"

 भिवानं खाली कातळाकडे पाहिलं. वानरं फर्मानाप्रमाणे कातळाला गेरू फासून गेली होती. घाईत गेरूचा आणि चुन्याचा अर्धा अर्धा द्रोण तिथंच टाकून गेली होती. सूर्य डोक्यावर आला होता. दुपारी दोन ते चार हे राज्य झोपत असे. त्या वेळात कोणी कारभार केला तर तो बेकायदा धरत.

"तुला लिंपता येतं ना रे?" भिवानं विचारलं.

"आमच्या घराण्याचा तोच उद्योग."

दोघं द्रोण उचलून बेहड्यापाशी आले. धनेशानं चोचीनं बुंध्याला गेरू लिंपला, सालीला ओरखडाही न काढता. सुरेख काम झालं. मग वरची चुन्याची रेघ भिवानं मारली. बुंध्याभोवती सरळ, एकसारखी, सुरुवात कुठं आणि शेवट कुठं ते कळू नये अशी.

धनेश मागे सरून बघू लागला. "अण्णा, ही तर सरळ आली."

"मग कशी यायला हवी?"

"या टोळ्यांतलं कोणी कधी सरळ रेघ मारतं का? सकाळी बघितल्या बघितल्या ओळखतील. वाकडी मारा."

भिवा कितीतरी वेळ चोचीतून चुना गाळत तसाच बसला. सगळ्या आयुष्यात त्यानं एक ठोका तिरका मारला नव्हता. उपाशी राहिला होता, लोकांचं नाही नाही ते ऐकून घेतलं होतं, पण काम बिघडवलं नव्हतं. ढोलीच्या फटीतून सगुणा खाली बघत होती. तिच्या मागून पिल्लांची चिवचिव ऐकू येत होती. भिवानं डोळे मिटून घेतले आणि सरळ रेघेवरून एक वेडीवाकडी, मध्येच ओघळलेली, मध्येच तुटलेली रेघ ओढली. वर दोन थेंबही उडवले.

"आता झकास झाली!" धनेश म्हणाला. भिवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी तिन्ही टोळ्या वाजतगाजत आल्या आणि बेहड्यासमोर थबकल्या. गेरू-चुना आधीच लागलेला. वानरांना वाटलं, साळिंदरांनी आपल्याला डावलून परस्पर उरकलं. डुकरांना वाटलं, वानरांनी. काटेसाहेबांना दोघांचाही संशय आला. पण मला काही मिळालं नाही असं म्हणायचं, तर मला काहीतरी मिळायचं होतं हे आधी कबूल करावं लागणार. आणि मग पुन्हा वाळवीची समिती!

"मुसंडीराव, मुळं मोकळी झाली ना व्यवस्थित?" काटेसाहेबांनी डुकरांच्या म्होरक्याला सावधपणे विचारलं.

मुसंडीरावानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "व्हय की साहेब. लई मोकळी झाली. तुमची साल?"

"उत्तम निघाली. वानरांचं?"

"भार अगदी हलका झालाय साहेब," लांबशेपट्या म्हणाला आणि त्यानं वरच्या गच्च पानांकडे बघायचं टाळलं.

उपचार पूर्ण झाल्याची नोंद झाली. तिघंही एकमेकांवर मनातून जळत आपापल्या वाटेनं गेले.

वैशाख आला. एकेक गेरू-चुन्याचं झाड करकरत वाळलं. ऐन गेला, किंजळ गेला, जांभळं गेली. गेरूचे तांबडे बुंधे तेवढे रांगेनं उभे राहिले, वर नुसत्या काड्या. धनेशाला उंबरासाठी तीन डोंगर ओलांडून जावं लागे. हरणांची पाडसं जीभ काढून पडून असत. आता कोणीतरी काटेसाहेबांना जाब विचारणार, असं भिवाला रोज सकाळी वाटे आणि संध्याकाळपर्यंत वाटायचं थांबे.

त्याच महिन्यात निवडणूक आली. महाराज थकले होते, त्यांनी गादीसाठी काटेसाहेबांचं नाव पुढे केलं. प्रचाराची मोठी सभा ठरली, ती ओढ्याकाठच्या बेहड्याखाली. आता हिरवं असं तेवढंच झाड होतं.

"भावांनो आणि बहिणींनो! विरोधक विचारतात, तुम्ही केलं काय? वर बघा!" काटेसाहेबांनी काटे फुलवून हाक दिली.

सगळ्यांनी वर बघितलं. बेहडा पानापानानं डवरला होता.

"हे झाड पोकळ होतं! मी नाही, खुद्द भिवाअण्णा म्हणाले होते. आज बघा! हा आमच्या तीन टप्प्यांचा पुरावा आहे. अशीच हिरवाई आम्ही दुसऱ्या फेरीत घरोघरी पोचवू!"

"ठणठणीत वन!" पोपट किंचाळले.

"निश्चिंत जन!" सावलीतून आवाज उठला.

मागून एका म्हाताऱ्या सांबरानं मान वर केली. त्याला शंका आली होती. "भिवाअण्णा हितंच हायती न्हवं? त्यास्नीच इचारा की. खरं बोलणारा एकच गडी ऱ्हायलाय जंगलात. अण्णा, या झाडावर इलाज झालाय का न्हाई?"

गलका थांबला. सगळे भिवाकडे वळले. काटेसाहेबांच्या शेपटीचे काटे आपोआप वाजू लागले, कारण इलाज आपण केलेला नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भिवानं बुंध्यावरची ती वाकडी रेघ पाहिली. इलाज झालेला नाही, म्हणून तर हे जिवंत आहे, एवढं एक वाक्य त्याच्या चोचीच्या टोकावर येऊन बसलं होतं. पण इलाज झालेला नाही म्हटलं, की फर्मानाप्रमाणे झाड धोकादायक. तिन्ही टोळ्या समोरच होत्या आणि महिनाभर उपाशी होत्या. वर ढोलीचं लिंपलेलं दार आतून फुटू लागलं होतं. मातीचा एक तुकडा खाली पडला, मग एक छोटीशी पिवळी चोच बाहेर आली. पिल्लू उडायला अजून चार दिवस तरी हवे होते.

"झालाय," भिवा म्हणाला.

"किती टप्प्यांचा?" सांबरानं विचारलं.

"तिन्ही."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. सांबरानं मान खाली घातली. काटेसाहेबांनी भिवाला मंचावर बोलावून शाल पांघरली, ती शाल त्याच्या तुऱ्यापासून शेपटीपर्यंत सगळं झाकून गेली, त्यामुळे त्याचं तोंड कोणाला दिसलं नाही. वर धनेश पिल्लाला उंबर भरवत होता.

त्या सभेला झालेली गर्दी जंगलानं पूर्वी कधी पाहिली नव्हती. पोपटांनी सांगितलं, ही लाट आहे. मतदानाच्या दिवशी काटेसाहेब माळ सोडून त्याच बेहड्याला पाठ लावून उभे राहिले आणि प्रचंड मतांनी निवडून आले. सगळं जंगल त्यांच्या मागे उभं होतं, एकूण एक प्राणी, पाडसांसकट. दुसरीकडे कुठं सावलीच नव्हती.